रोटरी की फॉइल? इलेक्ट्रिक शेव्हर घेण्याआधी हे वाचा

शॉपिंग अ‍ॅपवर ‘शेव्हर’ असं टाकलं की दोन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या वस्तू समोर येतात. एकाच्या डोक्यावर तीन गोल चकत्या असतात, दुसऱ्याच्या डोक्यावर चपटी, चकाकणारी जाळी. किंमत जवळपास सारखी, रेटिंगही सारखंच आणि दोन्हीकडे ‘क्लोज शेव्ह’ लिहिलेलं. मग बरेच जण ज्यावर डिस्काउंट जास्त ते मागवतात. महिनाभराने ते मशीन कपाटात पडतं आणि आपण पुन्हा साध्या रेझरवर येतो.

बहुतेक वेळा मशीन वाईट नसतं, ते आपल्या दाढीसाठी चुकीचं असतं. या लेखात दोन्ही प्रकार कसे चालतात, आपली दाढी कोणत्या प्रकारात बसते हे घरच्या घरी कसं ओळखायचं आणि पैसे देण्याआधी कोणत्या गोष्टी तपासायच्या, हे पाहूया.

घाईत असाल तर थोडक्यात उत्तर

- रोज किंवा एक दिवसाआड दाढी करता आणि केस साधारण एकाच दिशेने वाढतात: फॉइल.
- तीन-चार दिवसांनी दाढी करता किंवा मानेवर केस भोवऱ्यासारखे फिरलेले आहेत: रोटरी.
- दाढी ठेवायची आहे, फक्त नीटनेटकी हवी: शेव्हर नको, ट्रिमर घ्या.
- ज्या मॉडेलचं बदली हेड भारतात सहज मिळत नाही: प्रकार कोणताही असो, घेऊ नका.

आता सविस्तर.

आधी शेव्हर आणि ट्रिमर यातला फरक

ट्रिमर केस लहान करतो, पण त्वचेपर्यंत कापत नाही. कंगवा काढून वापरला तरी साधारण अर्धा मिलिमीटर खुंट मागे राहतात. शेव्हरमध्ये पातं आणि त्वचा यांच्यामध्ये एक पातळ धातूचं कवच असतं. केस त्या कवचाच्या छिद्रातून आत जातो आणि आतलं पातं तो कापतं, त्यामुळे हात फिरवला की गाल गुळगुळीत लागतो.

हे उलटंही लक्षात ठेवा. वाढलेली दाढी कापणं हे शेव्हरचं काम नाही. लांब केस आडवा पडतो, छिद्रात शिरत नाही, शिरला तरी ओढला जातो. म्हणून आठवडाभराची दाढी असेल तर आधी ट्रिमर फिरवायचा, मग शेव्हर.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं: साध्या ब्लेडइतकी जवळची दाढी कोणताच इलेक्ट्रिक शेव्हर करत नाही. त्याचा फायदा दुसरीकडे आहे. पाणी-फेस लागत नाही, कापण्याची भीती कमी आणि ज्यांना ब्लेडने आग होते किंवा पुटकुळ्या येतात त्यांच्या त्वचेला बऱ्याचदा आराम मिळतो.

फॉइल शेव्हर कसा चालतो?

फॉइल म्हणजे बारीक छिद्रं असलेला अतिशय पातळ धातूचा पत्रा. त्याची जाडी साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते. पत्र्याखाली पात्यांची एक रांग डावीकडून उजवीकडे आणि परत अशी वेगाने सरकत असते. पत्रा गालाला टेकतो, खुंट छिद्रातून आत डोकावतात आणि पातं ते छाटतं.

पत्रा इतका पातळ असल्यामुळे पातं त्वचेच्या खूप जवळ येतं. म्हणूनच रोजच्या दाढीत फॉइल सहसा थोडी जास्त गुळगुळीत दाढी करतो. चांगल्या मॉडेलमध्ये दोन फॉइलच्या मध्ये एक छोटी ट्रिमरची पट्टी असते. आडवे पडलेले किंवा थोडे लांब केस ती आधी आखूड करते.

मर्यादाही याच रचनेत आहे. छिद्रं बारीक आहेत, त्यामुळे आखूड आणि ताठ उभा केस पटकन आत जातो, तर लांब आणि त्वचेला चिकटलेला केस बाहेरच राहतो. त्या एका केसासाठी आपण एकाच जागी दहा वेळा मशीन फिरवतो आणि त्वचा लाल होते ती तिथेच.

रोटरी शेव्हर कसा चालतो?

रोटरीमध्ये प्रत्येक गोल चकतीखाली पात्यांचं एक चक्र फिरत असतं, लहानशा पंख्यासारखं. वरच्या कवचात नुसती छिद्रं नसतात, लांबट खाचाही असतात. चकत्या स्वतंत्रपणे हलतात, त्यामुळे जबडा, हनुवटी, गळा अशा उंचसखल जागी त्या वळून बसतात.

खाचा लांबट आणि पातं गोल फिरणारं, म्हणून केस कोणत्याही दिशेने आला तरी कुठेतरी पकडला जातो. तीन-चार दिवसांचे खुंट रोटरी त्यामुळेच जास्त सहज उचलतो. आवाजही सहसा कमी असतो. हॉस्टेलमध्ये किंवा एका खोलीत चार जण राहत असाल तर हा मुद्दा छोटा नाही.

उलट बाजू अशी की डोकं मोठं असल्यामुळे नाकाखाली आणि कल्ल्यांच्या कडेला नेमकं काम करणं अवघड जातं. कल्ल्यांची रेघ सरळ हवी असेल, फ्रेंच कट किंवा मिशी ठेवायची असेल तर फॉइलची सरळ कडा जास्त उपयोगी पडते.

हे दोन प्रकार आले कुठून?

इलेक्ट्रिक शेव्हर बाजारात आणणाऱ्या पहिल्या लोकांपैकी अमेरिकेचे जेकब शिक. त्यांचा शेव्हर १९३१ मध्ये विक्रीला आला. १९३९ मध्ये नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्याने तयार केलेला गोल फिरणाऱ्या पात्याचा शेव्हर आणला. सुरुवातीला त्याला एकच चकती होती, पुढे दोन आणि मग तीन झाल्या. १९५० मध्ये जर्मनीच्या ब्रॉन कंपनीने पातळ फॉइलवाला ‘एस ५०’ आणला.

आजही चित्र बरंचसं तसंच आहे. फिलिप्स म्हटलं की मुख्यतः रोटरी. ब्रॉन आणि जपानची पॅनासॉनिक म्हटलं की मुख्यतः फॉइल. म्हणजे ‘कोणता ब्रँड घेऊ?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘कोणता प्रकार घेऊ?’ यातच मिळून जातं.

तुमची दाढी ओळखा: पाच मिनिटांची चाचणी

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची दाढी वेगळी, तुमची वेगळी. म्हणून आधी आपला नकाशा काढा.

१. दोन दिवस दाढी करू नका. दाढी रोज साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन दिवसांत चाचपता येईल इतके खुंट येतात.

२. गालावर बोट वरून खाली फिरवा, मग खालून वर. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं ती केसांची दिशा. ज्या दिशेने खरखरीत लागतं ती उलटी.

३. हेच जबड्याच्या कडेला, हनुवटीखाली आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना करा. तिथे आडवंही बोट फिरवून बघा.

४. खिडकीजवळ उभे राहा, मान वर करा आणि बाजूने उजेड पडेल असा फोनने गळ्याचा फोटो काढा. झूम करून केस कोणत्या बाजूला झोपलेत ते पाहा. आरशापेक्षा हे जास्त स्पष्ट दिसतं.

आता निकाल. गाल आणि गळा दोन्हीकडे केस साधारण खालच्या दिशेने जात असतील तर फॉइलला तुमची दाढी सोपी आहे. गळ्यावर एका बाजूचे केस कानाकडे, दुसऱ्या बाजूचे हनुवटीकडे आणि मध्ये भोवरा असं असेल तर रोटरीला जास्त संधी द्या.

दिशा हा पहिला निकष, सवय हा दुसरा. ऑफिसमुळे रोज दाढी करायची आहे की वर्क फ्रॉम होममध्ये फक्त मीटिंगच्या आदल्या रात्री? मनात ठरवलेली सवय धरू नका, गेल्या महिन्यात खरंच किती वेळा दाढी केली ते मोजा.

दोन्ही निकष एकमेकांच्या विरुद्ध आले तर? समजा गळ्यावर भोवरा आहे, पण दाढी रोज करता. अशा वेळी मधली ट्रिमर पट्टी असलेला चांगला फॉइलही चालतो, कारण रोजचे खुंट आखूड असतात. फक्त गळ्यावर दोन-तीन दिशांनी हळू फिरवावं लागतं.

त्वचा नाजूक असेल तर

आपल्याकडे बऱ्याच जणांची दाढी जाड आणि कुरळी असते. कुरळा केस फार जवळून कापला की त्याचं टोक परत त्वचेत शिरू शकतं आणि तिथे गाठीसारखी पुटकुळी येते. गळ्यावर हे जास्त होतं. अशांना अगदी गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडणं हाच उपाय बऱ्याचदा लागू पडतो, आणि ब्लेडपेक्षा किंचित कमी जवळून कापणारा इलेक्ट्रिक शेव्हर इथे उपयोगी ठरतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका आणि त्वचा ताणून उलट्या दिशेने घासू नका.

पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर त्यावरून कोणतंच मशीन नेऊ नका. त्रास सतत होत असेल तर नवा शेव्हर शोधण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि शेव्हर कोणाशीही शेअर करू नका, भावाशी किंवा रूममेटशीही नाही. बारीक जखमांमधून रक्त लागतं आणि हिपॅटायटिस बी, सी सारखे संसर्ग अशा वस्तूंमधून पसरू शकतात.

प्रॉडक्ट पेजवरचे आकडे कसे वाचायचे?

*कट्स पर मिनिट.* रोटरीवाले बऱ्याचदा सगळ्या पात्यांचे मिळून कट्स मोजून मोठा आकडा लिहितात. फॉइलवाले सहसा मोटर मिनिटाला किती वेळा पुढे-मागे होते ते लिहितात. म्हणजे एकीकडे हजारो, दुसरीकडे लाखभर असं दिसलं तरी ही तुलनाच चुकीची आहे. एका फोनची बॅटरी एमएएचमध्ये आणि दुसऱ्याची तासांत सांगितल्यासारखं हे झालं.

*‘४डी’, ‘५डी’, ‘३६० डिग्री’.* हे शब्द कोणत्याही मानकाचे नाहीत. डोकं किती बाजूंना हलतं, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

*वेट अँड ड्राय.* फेस लावून किंवा अंघोळीत वापरता येतो, असा याचा अर्थ. नुसतं ‘वॉशेबल’ म्हणजे नळाखाली धुता येतो एवढंच. आयपीएक्स७ असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल अशी चाचणी झालेली असते. पण वेट अँड ड्राय मॉडेल सुरक्षिततेसाठी बऱ्याचदा चार्जिंगला लावलेलं असताना चालत नाही. बॅटरी संपली तर थांबावंच लागतं, म्हणून पाच मिनिटांच्या क्विक चार्जमध्ये एक दाढी होते का ते पाहा.

*चार्जिंग.* यूएसबी-सी असेल तर उत्तम, फोनचाच चार्जर चालून जातो. नसेल तर अडॅप्टर सांभाळा. पिन बसली म्हणून दुसरा अडॅप्टर लावू नका. एका शेव्हरला ४.३ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १५. शिक्षणाला किंवा प्रोजेक्टवर परदेशी जाणार असाल तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं २२०-२४० असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर अडचण येईल.

*क्लीनिंग स्टेशन.* शेव्हर धुऊन सुकवणारा डबा. सोयीचा आहे, पण त्याची कार्ट्रिज पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते. रोजच्या वापराला पाणी आणि थोडा लिक्विड सोप पुरतो.

खरी किंमत हेडमध्ये लपलेली असते

प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हा प्रकार इथेही आहे. फॉइल झिजते, पाती बोथट होतात. ब्रॉन साधारण १८ महिन्यांनी फॉइल-पात्यांचा संच बदलायला सांगते. पॅनासॉनिक बाहेरची फॉइल एका वर्षाने आणि आतली पाती दोन वर्षांनी. फिलिप्समध्ये मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन वर्षं.

एक काल्पनिक हिशेब करून पाहूया. मशीन ‘अ’ ४,००० रुपयांचं, हेड १,५०० रुपयांचं, दर १८ महिन्यांनी बदलायचं. पाच वर्षांत तीन हेड, म्हणजे एकूण ८,५०० रुपये, महिन्याला साधारण १४२. मशीन ‘ब’ २,५०० रुपयांचं, पण हेड १,८०० रुपयांचं आणि दरवर्षी बदलायचं. पाच वर्षांत चार हेड, एकूण ९,७०० रुपये, महिन्याला साधारण १६२. स्वस्त मशीन महाग पडलं.

म्हणून पैसे देण्याआधी हे तपासा:

- मॉडेल नंबरसोबत ‘रिप्लेसमेंट हेड’ टाकून सर्च करा. हेडचा कोड शोधा. फिलिप्सचे बरेच कोड ‘एसएच’ने आणि पॅनासॉनिकचे ‘डब्ल्यूईएस’ने सुरू होतात.
- तो कोड कंपनीच्या भारतातल्या साइटवर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे स्टॉकमध्ये आहे का?
- वॉरंटी हेडला लागू आहे का? बऱ्याचदा नसते.
- उघडून वापरलेला शेव्हर परत घेतात का? स्वच्छतेच्या कारणाने अनेकदा घेत नाहीत. पेजवरची रिटर्नची ओळ आधीच वाचा.

अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या ‘कम्पॅटिबल’ हेडपासून सावध राहा. नीट न बसलेलं फॉइल किंवा खडबडीत कडेची चकती थेट गालावर फिरणार असते. नाव न ऐकलेल्या ब्रँडच्या पाच चकत्यांच्या मशीनलाही हाच नियम लावा: हेड मिळत नसेल तर ते वर्षभराचं मशीन समजा.

वापरायची योग्य पद्धत

फॉइल: मशीन त्वचेला काटकोनात धरा. दुसऱ्या हाताने त्वचा हलकी ताणा आणि केसांच्या उलट दिशेने, सरळ, छोटे फटके मारा. गोल फिरवू नका.

रोटरी: छोट्या छोट्या गोलाकार हालचाली करा. सरळ रेषेत ओढू नका.

दोन्हींसाठी समान नियम: दाबू नका. दाबल्याने दाढी जवळून होत नाही, फॉइल वाकते आणि त्वचा सोलवटते. कोरडी दाढी करत असाल तर चेहरा पूर्ण कोरडा हवा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घामट गालावर मशीन अडखळतं, त्यामुळे पाच मिनिटं पंख्याखाली बसा किंवा अगदी थोडी टाल्कम पावडर लावा. गळा आधी, गाल नंतर करा. मशीन गार असताना नाजूक जागा उरकते.

ब्लेडवरून आलात तर त्वचेला दोन ते तीन आठवडे द्या. या काळात मध्येच ब्लेड वापरलं तर सवय लागत नाही आणि मशीनबद्दलचं मत पहिल्या चार दिवसांवरच ठरतं.

निगा

- रोज केस झटका, आठवड्यातून एकदा तरी धुवा. आधी मॅन्युअलमध्ये नळाचं चिन्ह आहे का ते बघा.
- धुतल्यावर हेड उघडं ठेवून सुकू द्या. पावसाळ्यात ओलं हेड झाकण लावून ठेवलं की वास येतो.
- साबणाने धुतल्यावर फॉइलवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. आवाज आणि गरम होणं दोन्ही कमी होतं.
- फॉइलची जाळी ब्रशने घासू नका. ती फाटली किंवा चेपली तर त्याच दिवशी वापर थांबवा.
- रोटरीच्या चकत्या आणि त्यांची पाती धुताना अदलाबदल करू नका. प्रत्येक जोडी एकमेकांवर घासून बसलेली असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नुकतीच दाढी यायला लागली आहे. काय घेऊ?*
विरळ आणि मऊ दाढीला महाग मशीनची गरज नाही. साधा दोन फॉइलचा शेव्हर किंवा चांगला ट्रिमर पुरे.

*शेव्हरने दाढी दाट होते का?*
नाही. कापल्यावर टोक बोथट राहतं म्हणून केस खरखरीत आणि जाड वाटतो. मुळावर काही परिणाम होत नाही.

*डोक्यावरचे केस काढायला कोणता?*
रोटरी जास्त सोयीचा, कारण गोलाईवर चकत्या वळतात. आधी ट्रिमरने केस अगदी बारीक करून घ्या.

*विमानात नेता येतो का?*
केबिन बॅगेत इलेक्ट्रिक शेव्हर सहसा चालतो, सुटी ब्लेड्स चालत नाहीत. ट्रॅव्हल लॉक असेल तर लावा, नाहीतर बॅगेतच सुरू होऊन बॅटरी संपते.

शेवटी, ऑर्डर करण्याआधी

क्रम असा ठेवा: आधी बोटाने दाढीची दिशा बघा, मग महिन्यात किती वेळा दाढी करता ते मोजा, त्यावरून प्रकार ठरवा, मग हेडचा कोड आणि स्टॉक तपासा आणि सगळ्यात शेवटी डिस्काउंट बघा. सेल दर काही महिन्यांनी येतच असतो. चुकीच्या मशीनने सोललेली मान मात्र तुम्हाला रोज सकाळी आरशात बघावी लागते.